बिनकाठाच्या गोळीची रिव्हॉल्वर

आमच्या घराला बंदुकीचं वेड होतं. घराला म्हणजे पप्पांना. पण पप्पांचं वेड सगळ्यांनी मिळून सांभाळायचं, अशीच आमच्यात रीत होती. आई म्हणायची, "यापेक्षा दारू पीत असते तर परवडलं असतं. पिणारा माणूस रविवारी झोपून तरी राहतो." पप्पा लातूरच्या एका शाळेत पी.टी.चे सर होते. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत जायचे, पुठ्ठ्यावर गोळ्या मारायचे आणि दुपारी घरी यायचे. अंगाला दारूचा वास यायचाच, पण तो काडतुसातल्या दारूचा.

त्याला ते क्लब म्हणायचे. क्लब कसला, चार टाळकी आणि एक खाण. एक पप्पा. दुसरे अहमदपूरचे मालक. त्यांच्याकडं बक्कळ जमीन आणि आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक होती, म्हणून सगळे त्यांना मालकच म्हणायचे. तिसरे आमच्या गल्लीतले क्लासवाले सर. भूकंपानंतर लातुरात घरं पुन्हा उभी राहायच्या आधी क्लास उभे राहिले, आणि त्यात सरांचा फिजिक्सचा क्लास सगळ्यात जोरात चालला. आमच्या घरासमोरची तीन मजली इमारत म्हणजे त्यांच्या क्लासच्या मुलींचं हॉस्टेल. मीही त्यांच्याच क्लासला होते, त्यामुळं ते पप्पांचे दोस्त असले तरी मी त्यांच्यासमोर फार तोंड उघडत नसे. घरात उघडायची, ती कसर भरून काढायची.

चौथे नांदेडचे चाचा. त्यांचं बंदुकांचं दुकान होतं, विकायचं आणि दुरुस्तीचं. निजामाच्या अमलापासूनचं दुकान, आज्यानं सुरू केलेलं. चाचांचं घर, त्यांच्या दोन भावांची घरं आणि एक विधवा बहीण, सगळे त्या एका परवान्यावर जेवायचे. परवाना काचेच्या फ्रेमीत लावलेला होता आणि चाचा रोज सकाळी दुकान उघडलं की आधी त्याच्यावरची धूळ पुसायचे. मला हे माहीत आहे, कारण लहानपणी पप्पा मला तिथं नेऊन बसवायचे आणि मला दुसरं बघायला काही नसायचं.

क्लबाला शिस्त लावली ती चाचांनीच. हत्यार एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाताना घेणाऱ्यानं नुसतं हत्याराचं नाव घ्यायचं: "बंदूक?" देणाऱ्यानं एका शब्दात सांगायचं, "भरेल" नाहीतर "खाली". भरेल म्हणजे भरलेली, खाली म्हणजे रिकामी. आमच्याकडं डबा खाली असतो, बस खाली येते, घर खाली करतात. आणि पिशवी जमिनीवर ठेवली तर ती पण खालीच असते. दोन्ही शब्द आम्ही दिवसभर बोलतो, कुणाचा कधी गोंधळ झाला नाही. खाणीत वर्षानुवर्षं "बंदूक?" "खाली." असं चाललं होतं.

तो मे महिन्यातला रविवार होता. भूकंपाला सात-आठ वर्षं झाली असतील. दुसऱ्या दिवशी माझी सीईटी होती. माझी म्हणजे समोरच्या हॉस्टेलातल्या सगळ्या पोरींची. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळ्या पुस्तकात डोकं घालून बसलेल्या. आणि आमच्या बैठकीत त्याच दिवशी यांचा बाजार भरला.

झालं होतं असं, की सरांनी बाहेरच्या देशातून स्पर्धेची एक रिव्हॉल्वर मागवली होती. खेळाडू म्हणून परवानगी काढली, लई खटाटोप केला, आणि सगळा कागदोपत्री कारभार चाचांच्या दुकानातून झाला. आता ती सरांच्या ताब्यात द्यायला चाचा नांदेडहून एसटीनं लातूरला आले होते, अहमदपूरला मालक त्याच गाडीत चढले होते. नियमानं चाचांनी पेटी थेट सरांच्या घरी न्यायची, सरांना घेऊन पोलीस ठाण्यात नोंद करायची. मधे कुठं थांबायचं नाही. उघडायची तर बातच नाही. पण आमच्या पप्पांनी फोनवर त्यांना अशी काही गळ घातली, की बाईमाणसानं माहेरच्या माणसाला घालावी. आधी मला दाखवा, एकदा हातात द्या, सरांना पण इथंच बोलावतो.

चाचा दारातच म्हणाले, "मास्तर, तुमच्यापायी आलो. बघा, आणि लगेच बांधा. ही इथं उघडली म्हणून कुणाला कळालं तर माझं दुकान गेलं."

"कोण सांगतंय?" पप्पा म्हणाले. आई आत मला म्हणाली, "मी सांगते. आत्ता जाऊन सांगते." सांगितलं मात्र नाही, चहाचं आधण ठेवलं.

मी मधल्या खोलीत अभ्यासाला बसले होते. दार अर्धं उघडं, सगळं दिसत होतं. चाचांनी सतरंजीवर वर्तमानपत्र अंथरलं, पेटी उघडली, आणि चौघंही गप्प झाले. चौघं एका वेळी गप्प बसलेले मी तोवर बघितले नव्हते. रिव्हॉल्वर चांगली लांब, चकचकीत, मुठीला लाकूड. मग चाचांनी बाजूच्या डबीतून गोळी काढून मालकांच्या हातात दिली आणि मालकांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या ताटात परक्या घरचं उष्टं वाढलंय.

"ही पिस्तुलाची गोळी हाय," मालक म्हणाले.

"हाव," चाचा म्हणाले.

"रिव्हॉल्वरीत पिस्तुलाची गोळी?"

"हाव म्हणलं ना."

"अहो पण हिला काठ न्हाई."

तिथून जे सुरू झालं ते मला अभ्यास करू देईना. आत्तापर्यंत मला जे कळलं होतं ते असं. रिव्हॉल्वरच्या गोळीला बुडाशी काठ असतो, परातीला असतो तसा. त्या काठावर ती रिव्हॉल्वरच्या फिरत्या चक्रीच्या भोकात अडकून राहते. पिस्तुलाची गोळी बिनकाठाची, ती भोकात टाकली तर सरळ आत घसरणार. मग या नव्या बयेनं काय केलं होतं, तर पोलादाची एक गोल पातळ चकती, तिला आठ खाचा. आठ गोळ्या त्या खाचांत बसवायच्या आणि अख्खी चकती एकदम चक्रीत ठेवायची. सगळ्या उडवल्या की अख्खी चकती एकदम बाहेर. एकेक गोळी भरत बसायला नको. चाचा त्या चकतीला चांद म्हणाले, आणि लगेच सगळेच चांद म्हणायला लागले.

"आठ?" पप्पांचा आवाज चिरकला. "सहाच्या जागी आठ बसवल्यात?"

"स्पर्धेत वेळ मोजतात," सर म्हणाले. नवऱ्या मुलासारखे ताठ बसले होते. "आपण एकेक गोळी घालतोय तोवर बाजूचा स्पर्धक दुसरा चांद घालून मोकळा."

"तो मोकळा होऊ द्या की. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय," मालक म्हणाले. "उद्या म्हणाल दुनळीत पण चांद घाला. अहो रिव्हॉल्वर ती रिव्हॉल्वर, पिस्तूल ते पिस्तूल. सोयरीक कशी जमली यांची?"

चाचांना तर ती बघवतच नव्हती आणि खाली ठेववतही नव्हती. "हत्यार चांगलं हाय," ते म्हणत होते, "काम लई सफाईचं हाय. पण चांद हरवला तर? मग काय, दगड म्हणून फेकून मारायचं? आमच्या आज्यानं बघितलं असतं तर दुकानाला कुलूप लावून हजला गेला असता." पप्पांनी ती हातात घेतली होती. नुसते चक्री फिरवून आवाज ऐकत होते, डोळे मिटून. मला लाज वाटली. बाईच्या बांगड्यांचा आवाज पण कुणी इतक्या मन लावून ऐकत नसेल.

दोन चांद होते. एकात उडालेल्या गोळ्यांची रिकामी टरफलं, हात बसवायला. दुसऱ्यात सरांच्या परवान्याच्या कोट्यातल्या खऱ्या गोळ्या. मालकांना पटत नव्हतं, की बिनकाठाची भरलेली गोळी इतकी नीट बसते. त्यांनी टरफलांचा चांद काढला, खऱ्याचा घातला, चक्री बंद केली, कानाजवळ नेऊन हलवली. "बसली की हो," असं एकदम हताश होऊन म्हणाले. तेवढ्यात आई चहा घेऊन गेली. मालकांनी बशी धरायला रिव्हॉल्वर सतरंजीवर ठेवली. पप्पा मघापासूनच आईच्या ट्रेसाठी जागा करत होते, त्यांची पाठ होती, चांद बदललेला त्यांनी बघितला नव्हता. चाचा दाराची कडी नीट लागली का बघायला उठले होते. सर साखर कमी म्हणून सांगत होते.

पप्पा वळले आणि विचारलं, "रिव्हॉल्वर?"

मालकांच्या हातात गरम बशी. ते म्हणाले, "खाली."

म्हणजे सतरंजीवर. पप्पांनी ऐकलं ते खाणीतलं खाली.

त्यांनी ती उचलली. आमच्या पप्पांना बेफिकीर म्हणायचं नाही मला, खूप काही म्हणायचंय, पण ते नाही. त्यांनी बाजूनं चक्रीच्या मागची फट बघितली. साध्या रिव्हॉल्वरला त्या फटीतून गोळ्यांचे काठ दिसतात, भरलेली आहे का नाही बाहेरूनच कळतं. हिला काठच नव्हते. फटीत नुसती चांदाची कड दिसत होती, आणि ती टरफलांची असो की खऱ्यांची, सारखीच. पप्पांनी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला, त्या दिवसाच्या लाल आकड्यावर, आणि चाप ओढला.

आवाज मी ऐकला असं म्हणता येत नाही. आवाज माझ्या आतूनच झाला. मी लहानपणापासून बंदुकीच्या आवाजात वाढलेली मुलगी, खाणीत चहा पीत बसायची. पण माझे पाय मला न विचारता उठले, मागच्या दारानं अंगणात, अंगणातून गल्लीत. हातात पुस्तक तसंच. डोक्यात एकच, भूकंप. त्या वर्षी आम्ही महिनोन् महिने अंगणात ताडपत्रीखाली झोपलो होतो, आणि शरीर ते विसरलेलं नव्हतं.

गल्लीत बघते तर समोरचं अख्खं हॉस्टेल रस्त्यावर. तीन मजल्यांच्या पोरी, अनवाणी, कुणाची अर्धी वेणी, कुणाच्या अंगावर टॉवेल. किंचाळत नव्हत्या. तेच वाईट होतं. सगळ्या एका चालीत पळाल्या आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन बसल्या, अशी जागा बघून, की दोन्ही बाजूंची घरं पडली तरी अंगावर येणार नाहीत. ते कुणी सांगावं लागलं नाही. त्यांतल्या निम्म्या किल्लारीकडच्या, औशाकडच्या खेड्यांतल्या होत्या. मेच्या दुपारचं डांबर, पाय ठेवला तर सालटं निघावीत. बसल्या होत्या.

मागं वळून बघितलं तेव्हा पप्पा आमच्या दारात उभे होते, चेहऱ्यावर चुना फासल्यासारखे. मग मला काडतुसातल्या दारूचा वास आला आणि सगळं कळलं. हायसं वाटायला पाहिजे होतं. मला इतका राग आला, की बापाच्या अंगावर पुस्तक फेकावं.

सर पुढं झाले. शर्ट झटकला, क्लासमधला आवाज काढला. "काही नाही, काही नाही. डीपी उडाली. चला सगळ्या वर. उद्या पेपर आहे, वेळ घालवू नका."

सगळ्यात पुढं एक मुलगी बसली होती. बारकीशी, किल्लारीजवळच्या गावची, आमच्याच बॅचची. क्लासमध्ये ती कधी हात वर करत नसे. ती म्हणाली, "सर, फॅन चालू हायेत."

सगळ्यांनी वर बघितलं. हॉस्टेलच्या उघड्या खिडक्यांतून पंखे गरगर फिरताना दिसत होते. लाइट गेलेली नव्हती.

"मग टायर फुटला असेल," सर म्हणाले. "उठा."

"तेव्हाबी गावात असे आवाज यायचे," ती म्हणाली. बोलताना तिनं दोन्ही तळवे डांबरावर टेकवले होते, जमीन तपासत. "मोठी माणसं म्हणायची, काई न्हाई, झोपा. आम्ही झोपलो." तिच्या घरातलं कोण उरलं होतं ते आम्हाला माहीत होतं. एक मामा उरला होता.

कुणी उठलं नाही. सर आमच्या ओट्यावर परत आले आणि हळूच म्हणाले, "बसू द्या. ऊन लागलं की जातील आपोआप." मालक चाचांना म्हणाले, "तुम्ही मागच्या दारानं निघा. पेटी घ्या आणि निघा. दुकानाचा विचार करा." पप्पा चाचांकडं बघत होते, आणि त्यांना काय पाहिजे होतं ते मला स्पष्ट दिसत होतं: चाचांनी जावं. मी पण तेच इच्छिलं असणार. दुकान आमच्यापायी जाणार होतं.

चाचांनी पेटी उचलली होती. दोन पावलं आत गेले. मग पेटी आईच्या हातात दिली, जणू पिशवीच आहे भाजीची, आणि चप्पल न घालता रस्त्यावर आले. त्या पोरीसमोर त्या उन्हात उकिडवे बसले.

"बेटा," ते म्हणाले, "जमीन हलली न्हाई. माझ्याकडची बंदूक सुटली. त्या घरात."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. "तुम्हीबी आम्हाला आत पाठवायला असंच म्हणून राहिले."

"चल, दाखवतो. तू आतमधी येऊ नको वाटलं तर, दारातून बघ."

ती उठली. आमच्या दारात थांबली, आधी चौकट बघितली, वरची तुळई बघितली, मग आत आली. चाचांनी कॅलेंडर बाजूला केलं. भिंतीत भोक पडलं होतं, कडेचा गिलावा उडालेला. त्यांनी तिचं बोट धरून त्या भोकात घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. दुसरा हात तिनं भिंतीवर सपाट ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. भिंत हलत नव्हती.

मग ती दारात गेली आणि बाहेर ओरडून म्हणाली, "या गं, गोळीच हाय." तिच्या आवाजात आनंद होता. घरात गोळी उडाली म्हणून कुणी असं आनंदानं सांगताना मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही.

मग सगळ्या आल्या. एकेक करून. आई दारात उभी राहून त्यांना पाणी देत होती आणि रडत होती. प्रत्येकीनं भोकात बोट घातलं. शेजारच्या बायका आल्या, त्यांनी घातलं. कोपऱ्यावरचा किराणावाला आला, त्यानंही घातलं. चाचा भिंतीपाशी उभे होते आणि प्रत्येकीला तेच सांगत होते, "बंदूक होती. माझ्याकडची. जमीन न्हाई." तासाभरात हॉस्टेल वर गेलं, आणि खिडक्यांतून पाठांतराचा गुणगुणाट पुन्हा यायला लागला.

संध्याकाळी पोलीस आले. येणारच होते, अख्ख्या गल्लीनं बोट घातलेलं भोक लपणार थोडंच. पप्पांनी सांगितलं, चाप मी ओढला. सरांनी सांगितलं, "हत्यार अजून माझ्या ताब्यात आलेलंच नव्हतं." कागदाप्रमाणं ते खरंच होतं, आणि ज्या सरांसमोर मी दोन वर्षं ब्र काढला नव्हता त्यांच्याकडं मी तेव्हा असं बघितलं, की त्यांनी मान फिरवली. साहेबांनी विचारलं, मग इथं आणलं कुणी? उघडलं कुणी?

"मी," चाचा म्हणाले.

पप्पा त्यांना पोलिसांच्या जीपपाशी म्हणाले, "गप्प राहिला असता तर डीपीवर भागलं असतं हो." चाचा म्हणाले, "लेकरं आत गेली ना मास्तर." पप्पांचा बंदुकीचा परवाना गेला, त्याचं मला काही वाटलं नाही. चाचांच्या दुकानाला सील लागलं. सुनावण्या झाल्या, पप्पा दर वेळी नांदेडला साक्षीला गेले, काही उपयोग झाला नाही. चाचांचे भाऊ पुढं वेगवेगळ्या दुकानांत कामाला लागले, आणि चाचा घराच्या ओट्यावर स्टोव्ह दुरुस्त करायला बसले.

पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोरी एकाच रिक्षात दाटीवाटीनं बसून सेंटरला निघालो. ती बारकी मुलगी माझ्या मांडीवर बसली होती. रिक्षा पोलीस ठाण्यावरून गेली, आणि मला आत बाकावर बसलेले चाचा दिसले, अनवाणी. त्यांच्या चपला अजून आमच्या दारात होत्या. तिची पाठ होती त्या बाजूला.

"रात्री मला इतकी झोप लागली," ती मला म्हणाली. "ते चाचा पोचले का गं नांदेडला?"

मी म्हणाले, "हाव. पोचले."